सुटकेच्या बातम्या आणि आपल्या शंका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला आणि इकडे नेरुळला आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो आणि बातम्या वाचतो. नुसत्या वाचत नाही, उलगडून बघतो. सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते सैन्याने, नौदलाने केलेल्या सुटकांबद्दल. त्याला कारण आहे. नेरुळ, सीवूड्स, खारघर इथल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी बोटीवर असतं. करावेला बोटीवरच्या नोकरीचं शिक्षण देणारी ‘चाणक्य’ संस्था आहे, बेलापूरला बोटींवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सींची कार्यालयं आहेत. ठाणे जिल्ह्याने तर २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसची सुटका अंगणात पाहिली. मी बावीस वर्षं एका मराठी दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होते, म्हणून उत्तरं लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. प्रश्न तुमचेच आहेत, शब्दही शक्यतो तुमचेच ठेवले आहेत.

१. सैन्याने केलेल्या सुटकेवर शंका घ्यायची म्हणजे जवानांवरच अविश्वास दाखवणं नाही का?

नाही. खवळलेल्या समुद्रात उडी घेणारा नौसैनिक वेगळा. त्या उडीचं पत्रक लिहिणारा वेगळा. पत्रकावर मथळा चढवणारा तिसरा, आणि तो मथळा स्वतःच्या कामासाठी वापरणारा चौथा. आपली शंका बहुतेक वेळा दुसऱ्यापासून पुढच्यांवर असते. हे चौघं एकच आहेत असं धरलं की दोन्ही बाजूंनी घोळ होतो. पत्रकातली चूक दाखवणारा देशद्रोही ठरतो, आणि पत्रक चुकलं म्हणून उडीच मारली नव्हती असं म्हणणारेही निघतात. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, बहुधा घाबरत घाबरत. घाबरू नका. रंगवलेल्या गोष्टीची झळ खुद्द सैनिकांना कशी लागते ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. सुटकेची माहिती मुळात येते कुठून?

समुद्रावरची असेल तर नौदलाच्या किंवा तटरक्षक दलाच्या प्रवक्त्याकडून. परदेशातून आपली माणसं आणली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या पत्रकार परिषदेतून. पुराच्या वेळी जिल्हाधिकारी कार्यालय, एनडीआरएफ, रेल्वे आणि सैन्य अशा चार ठिकाणांहून, आणि प्रत्येकाला आपल्या वाट्याचंच माहीत असतं. पत्रकार त्या जागी जवळपास कधीच नसतो. चलचित्रसुद्धा दलानेच टिपलेलं आणि दलानेच निवडून दिलेलं असतं. यात वावगं काही नाही, दुसरं कोण टिपणार? पण वाचताना ते ध्यानात हवं. मी नवशिक्यांना एकच गोष्ट करायला सांगते. प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि हे कुणी सांगितलं ते समासात लिहायचं. समास कोरा राहिला किंवा तिथे नुसतं ‘सूत्रे’ आलं, तर ते वाक्य सध्या बाजूला ठेवायचं.

३. पहिल्या दिवशीचा आकडा आणि शेवटचा आकडा वेगळा का असतो? कुणीतरी लपवतंय असंच ना?

बहुतेक वेळा कुणी लपवत नसतं, मोजलेलंच नसतं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. सकाळी कुठे ७०० प्रवासी सांगत होते, कुठे २,०००. सगळे सुखरूप बाहेर आले तेव्हा आकडा निघाला १,०५०. आरक्षणाची यादी, जनरलचा डबा, आदल्या स्टेशनात उतरलेले, या सगळ्याची बेरीज चिखलात उभं राहून कोण करणार? सिलक्याऱ्याच्या बोगद्यातही तसंच झालं. १२ नोव्हेंबर २०२३ ला बोगदा खचला, तेव्हा आत ४० मजूर आहेत असं सांगितलं गेलं. पाच-सहा दिवसांनी लक्षात आलं की ४१ आहेत. २८ नोव्हेंबरला ४१ बाहेर आले.

पण आकडा मुद्दाम कमी सांगितल्याचंही उदाहरण आहे आणि ते भयंकर आहे. सप्टेंबर २००४ मध्ये रशियात बेस्लानच्या शाळेत ११०० हून अधिक माणसं ओलीस होती आणि अधिकारी ३५४ सांगत राहिले. गावात कुणाची पोरं आत आहेत हे घरोघर माहीत होतं. आत असलेल्यांनी नंतर सांगितलं की तो आकडा टीव्हीवर ऐकून अतिरेकी आणखी चवताळले. तिथे ३३० हून अधिक माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त मुलं होती.

फरक कसा ओळखायचा? न मोजलेला आकडा दर तासाला हलतो आणि ठिकाणागणिक वेगळा असतो. दडवलेला आकडा एकाच जागी घट्ट बसतो, भोवतीची माणसं ओरडून वेगळं सांगत असली तरी.

४. महालक्ष्मीच्या वेळी टीव्हीवर हेलिकॉप्टर दाखवत होते. माझा भाऊ म्हणतो, आम्हाला बोटीने काढलं. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. माझा मेहुणा त्याच गाडीत होता, कोल्हापूरला लग्नाला निघाला होता. त्याच्या डब्यातली माणसं रबरी बोटीतून आणि पुढे गावकऱ्यांचा हात धरून चालत आली. हेलिकॉप्टर आलं होतं, नौदलाची पथकं आली होती, एनडीआरएफ होतं. वाहिनीला मात्र हेलिकॉप्टरचंच दृश्य देखणं वाटलं आणि ते दिवसभर फिरलं. दृश्य खरं होतं, पण त्यावरून कामाची वाटणी कळत नव्हती. ज्या गावकऱ्यांनी ओल्या माणसांना चहा दिला, कोरडे कपडे दिले, ते संध्याकाळच्या बातमीत दोन सेकंद दिसले. याचं मला अजून वाईट वाटतं.

५. जेसिका लिंचचं प्रकरण नेहमी सांगितलं जातं. नेमकं काय झालं होतं?

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जेसिका लिंच अमेरिकी सैन्यात होती, वय १९, काम सामानाच्या नोंदी ठेवण्याचं. २३ मार्च २००३ ला इराकमध्ये नासिरियाजवळ तिच्या तुकडीच्या गाड्या रस्ता चुकल्या आणि हल्ल्यात सापडल्या. तिची गाडी आदळली, हाडं मोडली, ती पकडली गेली. १ एप्रिलच्या रात्री अमेरिकी विशेष दलांनी नासिरियातल्या रुग्णालयातून तिला बाहेर काढलं. रात्रीच्या कॅमेऱ्यातली हिरवट दृश्यं जगभर दाखवली गेली. ३ एप्रिलला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अनाम अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापलं की ती शेवटच्या गोळीपर्यंत लढली, तिला गोळ्या लागल्या होत्या, तिला भोसकलं होतं.

यातलं लढण्याचं काहीही घडलं नव्हतं. तिची बंदूक अडकली होती, तिने एकही गोळी झाडली नव्हती. जखमा अपघाताच्या होत्या. रुग्णालयातल्या इराकी डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी तिची शुश्रूषा केली होती, आणि सैनिक पोचले तेव्हा इराकी लढवय्ये तिथून निघून गेले होते. त्याच वृत्तपत्राने जूनमध्ये लांबलचक लेख छापून आपली आधीची गोष्ट मोडीत काढली. एप्रिल २००७ मध्ये लिंचने अमेरिकी संसदेच्या समितीसमोर स्वतः सांगितलं की तिला दंतकथा का बनवलं हे तिला अजून कळलेलं नाही, कारण त्या दिवशी खरं शौर्य तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं.

मला इथे थांबावंसं वाटतं. तिच्या तुकडीतले अकरा जण गेले. जे खरोखर लढले त्यांची नावं मागे पडली, आणि जी मुलगी मोडलेल्या हाडांनी पडून होती तिला आयुष्यभर ‘तू खोटी’ हे ऐकावं लागलं. तिने तर काहीच सांगितलं नव्हतं.

६. मग ती सुटका म्हणजे नाटकच होतं ना? आणि आपल्याकडच्याही?

इथे सावकाश चला. २००३ मध्येच बीबीसीच्या एका माहितीपटाने सुटकेची मांडणी रंगवलेली होती असा आक्षेप घेतला. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली आणि सुटका बनावट असल्याचा पुरावा नाही असं सांगितलं. चौकशी त्याच खात्याची, हे लक्षात ठेवूनही एक गोष्ट उरते. युद्धक्षेत्रातल्या रुग्णालयात रात्री शिरताना आत कोण आहे हे सैनिकांना ठाऊक नसतं, म्हणून ते पूर्ण तयारीनेच जातात. त्याच रात्री त्यांनी लिंचच्या सहकाऱ्यांचे पुरलेले मृतदेहही उकरून आणले. सुटका घडली होती. तिच्याभोवती विणलेली लढाईची कहाणी खोटी होती.

‘कॅमेरा आधीच कसा तयार होता?’ हेही नेहमी विचारतात. कॅमेरा आता मोहिमेचाच भाग असतो. जहाजावर चढताना केलेलं चित्रण उद्या न्यायालयात पुरावा म्हणून लागतं. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘एमव्ही रुएन’ हे जहाज सोडवलं, तेव्हा ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले, आणि २३ मार्चला चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. अशा मोहिमेत तपासायला किती धागे आहेत बघा : खलाशांचे देश, जहाजाचा मालक, पोलिसांची फिर्याद, मुंबईतला खटला. नाटक म्हणणाऱ्याला विचारा, यातल्या कुणाकुणाला गप्प बसवलं असेल? आणि जिथे असा एकही बाहेरचा धागा नसतो, तिथे जास्त शंका घ्या.

७. युक्रेनमधून मुलांना काढायला युद्ध थांबवलं होतं, हे खरं की खोटं?

ऑपरेशन गंगा झाली, हे खरं. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये सुमारे २२,५०० भारतीय परत आले, बहुतेक नागरी विमानांनी आणि काही हवाई दलाच्या सी-१७ मधून. ठाण्यातली, नवी मुंबईतली मुलंही त्यात होती. पण भारताच्या सांगण्यावरून खारकीव्हची बॉम्बफेक काही तास थांबवली, हा दावा परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनीच ३ मार्च २०२२ ला पत्रकार परिषदेत नाकारला. कोणत्या वेळात आणि कोणत्या जागांकडे जावं याची माहिती मिळाली होती, त्यावरून बॉम्बफेक थांबवली असं म्हणणं बरोबर नाही, असा त्यांचा आशय होता. म्हणजे इथे सरकारी माहिती सावध होती आणि रंग बाहेरच्यांनी चढवला. तरी पुढची दोन वर्षं तोच दावा भाषणांतून, जाहिरातींतून आणि ग्रुपवरून फिरत राहिला. अधिकृत माहितीवर शंका घेता घेता ती आधी वाचायचीही असते.

८. ‘लीला नॉरफोक’वर चाचे नव्हतेच म्हणतात. मग सुटका कसली?

४ जानेवारी २०२४ ला सोमालियाजवळ या जहाजावर पाच-सहा सशस्त्र माणसं चढल्याचा संदेश आला. खलाशी २१ होते, त्यातले १५ भारतीय. दुसऱ्या दिवशी ‘आयएनएस चेन्नई’ पोचली, नौदलाचे मार्कोस कमांडो जहाजावर चढले, झडती घेतली. चाचे सापडले नाहीत. हे नौदलाने त्याच दिवशी स्वतः सांगितलं. नौदलाचं विमान आणि युद्धनौका यांच्या इशाऱ्यामुळे ते पळाले असावेत, असंही सांगितलं. माझ्याकडे आलेल्या फॉरवर्डमध्ये मात्र घनघोर चकमक होती.

तरी ती सुटकाच. बोटीवर एक ‘सिटाडेल’ असतं, म्हणजे आतून बंद होणारी भक्कम खोली. हल्ला झाला की सगळ्यांनी तिथे जाऊन दार लावायचं. आत बसलेल्याला बाहेर कोण आहे ते दिसत नाही. दारावर थाप पडली तर ती कुणाची? सगळं जहाज तपासून ‘आता बाहेर या’ असं खात्रीने सांगणारं कुणीतरी यावंच लागतं.

उलटंही घडतं. मे १९७५ मध्ये कंबोडियाने ‘मायाग्वेझ’ हे अमेरिकी मालवाहू जहाज पकडलं. खलाशी ज्या बेटावर आहेत असं समजून अमेरिकेने हल्ला केला, त्या बेटावर ते नव्हतेच. त्यांना सोडून देण्यात आलं होतं आणि ते बोटीतून परत येत होते. मोहिमेत ४१ अमेरिकी सैनिक गेले, त्यातले २३ थायलंडमध्ये हेलिकॉप्टर पडून. सुरुवातीला ती विजय म्हणूनच साजरी झाली.

९. जहाजं नकाशावर दाखवणाऱ्या मरीन ट्रॅफिक या साइटवर मुलाचं जहाज दिसेनासं झालं आणि कंपनी म्हणते सगळं ठीक आहे. कंपनी लपवतेय का?

लगेच तसं समजू नका. धोक्याच्या पाण्यात कॅप्टन जहाजाची ओळख सांगणारं यंत्र, एआयएस, बंद ठेवू शकतो, कारण तेच सिग्नल चाचेही बघतात. शिवाय भर समुद्रात मोफत नकाशांवर सिग्नल तुटकच येतो. जहाज नकाशावर नाही, एवढ्यावरून अपहरणाचा निरोप ग्रुपवर टाकू नका. काय करायचं ते प्रश्न १८ मध्ये आहे.

१०. पी-३०५ च्या वेळी नौदलाचं एवढं कौतुक झालं, पण माणसं तिथे अडकलीच का हे कुणी विचारलं नाही. का?

विचारलं गेलं, पण कौतुकाच्या आवाजात कमी ऐकू आलं. तौक्ते चक्रीवादळात १७ मे २०२१ ला मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तेलक्षेत्रावरच्या कामगारांच्या राहण्याचा तराफा (बार्ज) बुडाला. वर २६१ माणसं होती. ‘आयएनएस कोची’, ‘आयएनएस कोलकाता’ आणि इतर नौका, विमानं रात्रंदिवस पाण्यात शोधत होती. १८६ जण वाचले, सत्तरहून अधिक गेले. गेल्या चार दशकांतल्या सर्वांत कठीण शोधमोहिमांपैकी ही एक, असं नौदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सांगितलं, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

पण वादळाची सूचना आधीच आलेली असताना तराफा तिथे का राहिला? निर्णय कुणाचा होता, कप्तानाचा की किनाऱ्यावरच्यांचा? कप्तान परत आला नाही, त्यामुळे त्याची बाजू कधीच समोर आली नाही. हा प्रश्न नौदलाला नव्हता, पण नौदलाच्या छायाचित्रांनी तो झाकला गेला. सुटकेची मोठी बातमी आली की मी त्याच दिवशी वहीत एक ओळ लिहिते : संकट कशामुळे आलं? महिन्याभराने तिचं उत्तर शोधते. तुम्हीही करून बघा. बहुतेक वेळा तोवर बातम्या बंद झालेल्या असतात.

११. मोहीम चालू असताना थेट का दाखवत नाहीत? काहीतरी दडवायचं असतं म्हणून?

२६ नोव्हेंबर २००८ नंतरचे तीन दिवस आठवा. नरिमन हाउसवर कमांडो दोरावरून उतरत होते आणि ते आपण घरात बसून बघत होतो. तेच पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही बघत होते आणि फोनवरून आतल्या अतिरेक्यांना सांगत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात वाहिन्यांच्या त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला. दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच द्यायची.

नियम बरोबर आहे. पण त्याची किंमत ही की कारवाई चालू असताना एकाच तोंडून माहिती येते. म्हणून कारवाई संपल्यावर प्रश्न विचारणं जास्त गरजेचं होतं. नेमकं तेव्हाच सगळे पांगतात.

१२. सरकार काही काळ माहिती देत नाही आणि सरकार खोटं बोलतं, यात फरक काय?

दोन सुटका शेजारी ठेवून बघा. २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले होते. बाहेर काढताना मुलांना केटामीन देऊन गुंगीत ठेवलं होतं, कारण पाण्याखाली एखादं मूल घाबरलं असतं तर ते आणि त्याला आणणारा पाणबुड्या, दोघंही बुडाले असते. त्या वेळी पंतप्रधानांनी एवढंच सांगितलं की मुलं घाबरू नयेत म्हणून सौम्य औषध दिलं. पुरती गोष्ट नंतर त्यात भाग घेतलेल्या डॉक्टर-पाणबुड्यांकडून आली.

दुसरी मॉस्कोची. ऑक्टोबर २००२ मध्ये एका नाट्यगृहात ८०० हून अधिक प्रेक्षक ओलीस होते. दलांनी आत गॅस सोडला आणि शिरले. १३० ओलीस गेले, जवळपास सगळे गॅसमुळे आणि वेळेवर उपचार न झाल्यामुळे. कोणता गॅस ते दारात थांबलेल्या डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये फार बारकाईने निकाल दिला. गॅस वापरण्याचा निर्णय त्यांनी चूक ठरवला नाही. सुटकेनंतरची वैद्यकीय तयारी आणि चौकशी यांबद्दल मात्र रशियाला दोषी धरलं.

थायलंडमध्ये अर्धवट माहितीने पालकांची घालमेल कमी झाली. मॉस्कोत गुप्ततेने माणसं मारली. माहिती का रोखली याचं कारण प्रत्येक सरकार ‘सुरक्षा’ असंच सांगतं. ते कारण बाजूला ठेवा आणि न सांगितल्यामुळे कुणाचं रक्षण झालं ते बघा.

१३. फसलेली सुटका आपल्याला कधी कळते का?

कधी लगेच. एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला निघालेली अमेरिकी मोहीम इराणच्या वाळवंटातच मोडली, आठ जण गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी टीव्हीवर येऊन जबाबदारी घेतली.

कधी दोन-तीन दिवसांत. ऑक्टोबर २०१० मध्ये अफगाणिस्तानात एका ब्रिटिश मदतकार्यकर्तीला सोडवताना तिचा मृत्यू झाला. आधी सांगितलं की अपहरणकर्त्याने स्फोट घडवला. मग चित्रण पुन्हा बघताना लक्षात आलं की सोडवणाऱ्यांपैकीच एकाने हातबॉम्ब फेकला होता, आणि ते जाहीर केलं.

कधी महिन्यांनी. सुटकेचं नाही, पण आपलं उदाहरण म्हणून सांगते : २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामला हवाई दलाचं हेलिकॉप्टर पडलं, हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक गेला. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ही मोठी चूक होती, असं हवाई दल प्रमुखांनी ४ ऑक्टोबरला सांगितलं. सात महिने लागले. तरी सांगितलं, आणि त्यामुळे हवाई दलावरचा माझा विश्वास वाढला.

१४. ग्रुपवर सुटकेचा व्हिडिओ आला. घरबसल्या कसा तपासू?

चित्र थांबवून त्याचा फोटो गूगल लेन्समध्ये टाका, जुना असेल तर बहुधा तिथेच पकडला जातो. गणवेशावरची पट्टी, गाडीची नंबर प्लेट, झाडं, दुकानाच्या पाट्यांची लिपी बघा. फार स्वच्छ, एकाच कोनातून हलणारी रात्रीची लढाई दिसली तर ती व्हिडिओ गेमची असू शकते. ‘आर्मा ३’ या खेळातली दृश्यं अनेक युद्धांच्या नावाने फिरली आहेत. मॉक ड्रिलचीही खबरदारी घ्या. ७ मे २०२५ ला देशभर झाली, ठाणे जिल्हाही यादीत होता. तशा सरावात स्ट्रेचरवर नेलेली ‘जखमी’ माणसं पुढे खऱ्या घटनेचे बळी म्हणून फिरतात. आवाज बंद करूनही एकदा बघा. तुमचं मन वळवण्याचं निम्मं काम पार्श्वसंगीत करत असतं.

१५. पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेकने ‘फेक’ शिक्का मारला म्हणजे विषय संपला?

बनावट पत्र, बनावट योजना, जुना फोटो यांच्यासाठी तो शिक्का उपयोगी आहे. पण तो विभाग सरकारचाच आहे, त्यामुळे सरकारच्या वागण्याबद्दल वाद असेल तिथे त्याचं म्हणणं ही एका पक्षाची बाजू झाली. सरकारबद्दलच्या मजकुरावर सरकारी कक्षाचा निर्णय बंधनकारक करू पाहणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. शिक्क्याखाली कारण आणि कागद दिलाय का ते बघा.

१६. माहितीच्या अधिकारात सैन्याकडून काही मिळतं का?

मिळतं, पण काय मागता त्यावर आहे. भूदल, नौदल आणि हवाई दल कायद्याबाहेर नाहीत. एनएसजी, सीमा सुरक्षा दल यांसारख्या संस्था मात्र कलम २४ खाली वगळलेल्या आहेत, आणि तिथेही भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती मागता येते. डावपेच विचारले तर कलम ८ दाखवून नकार येईल, आणि तो रास्त आहे. त्याऐवजी किती जणांना आणलं, किती फेऱ्या झाल्या, खर्च किती आला, चौकशी नेमली का आणि ती पुरी झाली का, हे विचारा. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, नकार आला तर अपील.

त्याआधी संसदेतली उत्तरं चाळा. युक्रेनची गंगा, सुदानची कावेरी अशा मोहिमांचे आकडे मंत्र्यांनी लेखी उत्तरांत दिलेले आहेत. सभागृहात चुकीची माहिती देणं महागात पडतं, त्यामुळे तिथला आकडा पत्रकापेक्षा जपून दिलेला असतो.

१७. दोन्ही बाजू वेगवेगळे आकडे देतात आणि तपासायला कुणीच नाही. मग काय मानायचं?

८ जून २०२४ ला गाझातल्या नुसैरातमधून इस्रायली दलांनी चार ओलिसांना सोडवलं. ते चौघं घरी गेले, यावर वाद नाही. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने २७४ पॅलेस्टिनी मृत सांगितले, इस्रायलने शंभराहून कमी बळी सांगितले. अशा वेळी मधला आकडा काढू नका, तो तर कुणीच मोजलेला नसतो. दोन्ही आकडे, सांगणाऱ्यांच्या नावासकट लिहा. आणि ‘सुटका यशस्वी’ या मथळ्यात दुसरा आकडा होता की नव्हता, तेही लिहून ठेवा.

१८. घरचा माणूस खरोखरच अडकला असेल तर शंका-बिंका बाजूला ठेवून काय करायचं?

आधी कंपनीच्या डीपीएला फोन करा, म्हणजे किनाऱ्यावरच्या नेमलेल्या जबाबदार अधिकाऱ्याला. त्याचा नंबर माणूस बोटीवर जाण्याआधीच घेऊन ठेवायचा, सोबत एजन्सीचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना क्रमांक आणि सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेची प्रत. मग नौवहन महासंचालनालयाचा कम्युनिकेशन सेंटर, आणि समुद्रावरच्या आपत्तीसाठी तटरक्षक दलाचा १५५४. त्याचं नाव, पगार, घराचा फोटो वाहिन्यांना देऊ नका. खंडणी मागणारेही बातम्या बघतात. अधिकारी काय म्हणाले ते तारीख आणि वेळेसह वहीत टिपा. परवाना नसलेल्या दलालाकडून माणूस गेला असेल तरी कळवा. लाजेपोटी गप्प बसलेली घरं मी पाहिली आहेत, त्यात दिवस वाया जातात.

१९. सुटून आलेला माणूसच बातमीपेक्षा वेगळं सांगतो. कुणाचं धरायचं?

त्याला जे दिसलं ते त्याचं. बंद खोलीत बसलेल्याला दिवस मोजता येत नाहीत, गोळीबार कुठून झाला हे कळत नाही, त्यामुळे वेळ आणि संख्या यांत तो चुकू शकतो. आत काय खाल्लं, कोण काय बोललं, कुणी कुणाला धीर दिला, यात तो सहसा चुकत नाही. बाहेरचा हिशेब प्रवक्त्याकडून घ्या, आतला त्याच्याकडून. आणि त्याला बोलायचं नसेल तर सोडून द्या. कंपनीचा करार असतो, पुढची बोट मिळायची असते, रात्री झोप लागत नसते. सोसायटीच्या सत्यनारायणाला त्याला उभं करून ‘सांग ना जरा’ म्हणू नका.

नेरुळच्या बैठकीला असा एक फिटर येऊन मागच्या बाकावर बसला होता. त्याच्या बोटीच्या सुटकेचं कात्रण आम्ही नेमकं त्याच दिवशी वाचत होतो. दीड तास त्याने काही सांगितलं नाही. जाताना कात्रण मागून घेतलं, उभ्या उभ्या पूर्ण वाचलं आणि म्हणाला, सगळं बरोबर आहे. मग म्हणाला, आत जाताना पाण्याचे कॅन उचला असं आमच्या कुकने सांगितलं होतं, म्हणून आम्ही तग धरला; त्याचं यात नाही, तुमच्या कागदात असू दे.